गोळी रोज घेते, तरी टीएसएच का चढला?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४३. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. अडीच वर्षांपूर्वी चेहऱ्यावर सूज, घोगरा आवाज, बद्धकोष्ठ आणि सारखी झोप असं सगळं सुरू झालं. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच १४.६ आला, अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) पॉझिटिव्ह. थायरॉक्सिनची गोळी २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून ७५ वर आणली. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास टीएसएच ३.१ होता, तेव्हा मला खरंच बरं वाटत होतं. आता पुन्हा ८.२ आलाय. थकवा इतका, की दुपारनंतर खुर्चीत बसूनच शिकवते. केस मुठीने जातात, वजन ६८ किलो झालंय. मधल्या काळात पाळीत अंगावरून फार जायला लागलं, हिमोग्लोबिन ९.४ आलं, म्हणून दिवाळीनंतर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सुरू झाली. केसांसाठीही मेडिकलमधून गोळ्या आणल्यात. थायरॉइडची गोळी मी एकदाही चुकवत नाही. साडेपाचला उठून चहा टाकते, चहाबरोबर गोळी घेते, सगळ्यांचे डबे भरते, सातला दोन घास खाऊन बाकीच्या गोळ्या घेते आणि साडेसातची एसटी पकडते. डॉक्टर म्हणतात, आता १०० ची गोळी करू. नणंद म्हणतात, जन्मभर इंग्रजी औषध घेऊन किडनी जाईल, काढा सुरू कर. एका मैत्रिणीने टी३ नावाच्या गोळीबद्दल सांगितलं. पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ का? माझ्या १७ वर्षांच्या मुलीलाही हे होईल का? आणि सासूबाईंचा (वय ७४) शिबिरात टीएसएच ६.४ आला. माझ्याकडे २५ ची बाटली शिल्लक आहे, ती त्यांना चालेल का?
– एक शिक्षिका

उत्तर :

ताई, टीएसएच का चढला याचं उत्तर बहुतेक तुमच्याच पत्रात आहे, साडेपाच ते साडेसात या दोन तासांत. तुम्ही गोळी चुकवत नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. टीएसएच वाढला की ‘गोळ्या नीट घेत नसाल’ असं बाईला पटकन सुनावलं जातं, आणि नेमाने गोळी घेणारीला ते फार लागतं. तुमच्या बाबतीत गोळी पोटात रोज जाते, पण रक्तात पुरती पोचत नाही, असं मला वाटतं.

आधी टीएसएच म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. थायरॉइड ग्रंथी गळ्यात पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असते. ती मुख्यतः टी४, म्हणजे थायरॉक्सिन बनवते. शरीर त्यातून लागेल तसं टी३ तयार करून वापरतं. टीएसएच मात्र थायरॉइडचा नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की ही ग्रंथी टीएसएच वाढवते. मूल उठत नाही तसतसा आईच्या हाकेचा आवाज चढत जातो, तसंच हे. म्हणून टीएसएच ८.२ याचा अर्थ थायरॉइड ‘वाढला’ असा नसून शरीराला थायरॉक्सिन कमी पडतंय असा आहे. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ हा टप्पा नॉर्मल धरतात.

आता तुमची सकाळ बघू. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं औषध आहे. चहा-कॉफीबरोबर ते कमी शोषलं जातं, दुधातल्या कॅल्शियमनेही अडतं. तरीही चहा एकटा गुन्हेगार नाही, कारण गेल्या गणपतीतही तुम्ही गोळी बहुधा चहाबरोबरच घेत होतात आणि तेव्हा टीएसएच ३.१ होता. मग त्यानंतर काय बदललं? दिवाळीनंतर सातच्या नाश्त्यावर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी आली. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात आणि ते तसंच शौचावाटे निघून जातं. म्हणून या गोळ्या आणि थायरॉक्सिन यांच्यात किमान चार तास हवेत. तुमच्या दिनक्रमात ते अंतर जेमतेम सव्वा तासाचं आहे.

यात आणखी एक चक्र अडकलंय आणि ते कोणी तुम्हाला समजावून सांगितलेलं दिसत नाही. थायरॉक्सिन कमी पडलं की पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. रक्तस्राव वाढला की लोह कमी होतं, म्हणून लोहाची गोळी येते. ती चुकीच्या वेळी घेतली की थायरॉक्सिन आणखी कमी पोचतं. तुम्हाला स्त्रीरोगतज्ज्ञांनी लोह दिलं ते बरोबरच आहे, ९.४ हिमोग्लोबिनवर ते द्यायलाच हवं. फक्त थायरॉइडचे डॉक्टर वेगळे, पाळीचे वेगळे आणि केसांच्या गोळ्या मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून, त्यामुळे तुमच्या सगळ्या गोळ्या कोणीच एकत्र पाहिल्या नाहीत. पुढच्या भेटीला सगळ्या बाटल्या आणि पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा. नावं पाठ नसली तरी चालेल, टेबलावर ठेवा आणि कुठली किती वाजता घेता ते सांगा.

तर रोज करायचं ते असं. रात्री झोपताना थायरॉइडची एक गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा. बाटली स्वयंपाकघरात नको. गॅसजवळची उष्णता आणि दमट हवा यांनी ही गोळी खराब होते, पावसाळ्यात तर लवकरच. बाटली झाकण घट्ट लावून कपाटात असू द्या. साडेपाचला डोळे उघडले की अंथरुणातच गोळी घ्या, मग उठा. चहा अर्ध्या-पाऊण तासाने, जमलं तर तासाने. हे वाचून तुम्ही म्हणाल, चहाशिवाय सकाळी हात चालत नाहीत. मान्य, पण त्या अर्ध्या तासात कणीक मळून होईल, भाजी चिरून होईल, नाहीतर नवऱ्याला एक डबा भरायला सांगता येईल. हे मी गमतीने लिहीत नाही. सगळ्यांचं आवरून झाल्यावर उरलेल्या मिनिटात स्वतःची औषधं एकदम तोंडात टाकणाऱ्या बायका मी रोज बघते, आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये ते दिसतं.

लोहाची गोळी शाळेत, दुपारच्या डब्यानंतर घ्या. सोबत लिंबू किंवा आवळा असेल तर लोह चांगलं शोषलं जातं. लगेच वर चहा मात्र नको, चहाने लोहही अडतं. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या, म्हणजे ते लोहापासूनही लांब राहील. सकाळी नाचणीची आंबील किंवा दूध घेत असाल तर तेही गोळीनंतर तासभराने. आम्लपित्ताची गोळी अधूनमधून लागत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यानेही शोषण घटतं. काहींना ही गोळी रात्री झोपताना घेणं सोयीचं पडतं, जेवणानंतर तीनेक तास गेले असतील तर तेही चालतं. पण तुमचं कॅल्शियम रात्री येणार, म्हणून तुम्हाला सकाळच बरी. संकष्टीला किंवा एकादशीला गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी सुरू ठेवा. थायरॉक्सिन शरीरात बरेच दिवस टिकतं, एका दिवसाने काही बिघडत नाही.

आणि आता माझा सर्वात महत्त्वाचा सल्ला. वेळ सुधारणं आणि गोळीची पॉवर वाढवणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करू नका. समजा, आज १०० सुरू झाली आणि त्याच आठवड्यात तुम्ही लोह-कॅल्शियम बाजूला काढलं, तर इतके दिवस अडून राहिलेलं थायरॉक्सिनही आत जाऊ लागेल आणि वरून २५ जास्तीचं. मग धडधड, हात कापणं, झोप उडणं, चिडचिड. दीर्घकाळ जास्त मात्रा राहिली तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं ठिसूळ होतात, विशेषतः पाळी थांबल्यानंतर. म्हणून तुमच्या डॉक्टरांना जाऊन सांगा, ‘मी लोह आणि कॅल्शियम गोळीनंतर तासा-सव्वातासाने घेत होते. आता अंतर ठेवते. ७५ वरच राहून सहा ते आठ आठवड्यांनी तपासू का?’ बहुतेक डॉक्टर हो म्हणतील. सहा ते आठ आठवडे एवढ्यासाठी, की थायरॉक्सिनचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं निम्मं औषध संपायला लागणारा वेळ, साधारण सात दिवसांचं असतं. पातळी स्थिर व्हायला महिना-सव्वा महिना जातो आणि टीएसएच त्याच्याही मागून खाली येतो. तीन आठवड्यांनी तपासून पुन्हा गोळी बदलली तर आपण अर्ध्या वाटेवरच्या आकड्यावर निर्णय घेतो. हे होताना मी फार पाहिलं आहे.

आठ आठवड्यांनीही टीएसएच ४-५ च्या वर राहिला तर मात्रा वाढवायला संकोच नको. ज्यांची ग्रंथी जवळजवळ पूर्ण थांबलेली असते त्यांना किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे ६८ किलोला ११० च्या आसपास. तुमची ग्रंथी थोडंफार काम करत असणार, म्हणूनच ७५ वर ३.१ आला होता. हशिमोतो नावाच्या आजारात, आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असल्याने तुमचा तोच असणार, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते आणि तिची ताकद हळूहळू कमी होते. हाकारू हशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यामुळे काही वर्षांनी मात्रा वाढणं हे तुमच्या हलगर्जीपणाचं लक्षण मानू नका. अँटी-टीपीओची तपासणी मात्र पुन्हा पुन्हा करू नका. ती एकदा कळली की काम झालं, तिच्या आकड्यावर गोळी ठरत नाही. गळ्याला गाठ किंवा सूज हाताला लागत नसेल तर सोनोग्राफीचीही गरज नाही.

दोन बारीक गोष्टी, ज्यांनी रिपोर्ट फसतो. केसांसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळीचं पाकीट उलटं करून वाचा. तिच्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असेल, आणि बहुधा भरपूर असेल. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी आणि टी४ जास्त दिसतो. म्हणजे तुमचा ८.२ हा आकडाही कदाचित खरा असेल त्याहून सौम्य दिसत असेल. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवा. खरं तर ती घेऊच नका असं माझं मत आहे, कारण तुमचे केस बायोटिनच्या कमतरतेने गळत नाहीत, ते थायरॉक्सिन आणि लोह कमी पडल्याने गळतायत. दोन्ही भरून निघाल्यावर केस सावरायला काही महिने लागतात, तेवढा धीर धरा. दुसरी गोष्ट, रक्त सकाळी, शक्यतो दर वेळी त्याच सुमारास द्या आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या.

बाटलीवरचा आकडाही दर वेळी वाचा. आपल्याकडे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशा नावांनी ही गोळी मिळते, आणि त्यांत १२.५ पासून १५० पर्यंत पॉवर असतात. १२.५ आणि १२५ यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे. जमेल तोवर एकच कंपनी ठेवा. दुकानात ती नसली आणि दुसरी घ्यावी लागली तर आकाशपाताळ एक करायचं कारण नाही, फक्त सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून घ्या.

आता नणंदबाईंची शंका. ती वाईट हेतूने आलेली नाही, घराघरात आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. या गोळीत जो रेणू आहे तो तुमची ग्रंथी बनवते तोच, टी४. शरीराला जे कमी पडतंय तेवढंच आपण बाहेरून देतो. तिची नशा नाही, चटक नाही, आणि योग्य मात्रेत किडनीला धोका नाही. उलट थायरॉक्सिन कमी राहिलं तर कोलेस्टेरॉल वाढतं आणि किडनीचं काम मंदावू शकतं. १८९१ च्या आधी या आजारावर खात्रीचा उपाय नव्हता. सुजलेल्या, थंड पडलेल्या, विचार मंदावलेल्या रुग्णांकडे डॉक्टर नुसते बघत राहायचे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचायला सुरुवात केली. ती बाई सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. पुढे १९१४ मध्ये एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेत थायरॉक्सिन वेगळं काढलं. तुमच्या हातातल्या त्या बारीक गोळीमागे एवढा इतिहास आहे आणि ती औषधांमध्ये खूप स्वस्त आहे. ‘जन्मभर’ हा शब्द ऐकून छातीत धस्स होतं हे मला कळतं. पण जन्मभर चष्मा वापरणाऱ्याला आपण बिचारा म्हणत नाही.

काढ्याचं म्हणाल तर, तुमची वैद्यांवर श्रद्धा असेल तर त्यांच्याकडे जरूर जा, पण गोळी बंद करून नव्हे. गोळी थांबवून काढा सुरू केला तर पहिले दोन आठवडे काहीच बिघडत नाही, कारण शरीरात आधीचं थायरॉक्सिन शिल्लक असतं. नेमकं त्याच काळात ‘काढा लागू पडला’ असं वाटतं. महिन्या-दीड महिन्याने थकवा, सूज आणि बद्धकोष्ठ परत येतात, आणि तोवर टीएसएच पार चढलेला असतो. कांचनार गुग्गुळ थायरॉइडसाठी दिला जातो हे मला माहीत आहे, पण तो थायरॉक्सिनच्या जागी काम करत नाही. आणि वैद्यांनी शंख भस्म, प्रवाळ पिष्टी किंवा मंडूर भस्म दिलं तर लक्षात ठेवा, पहिल्या दोन्हींत कॅल्शियम आहे आणि मंडुरात लोह. त्यांनाही तोच चार तासांचा नियम.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी ‘कोबी बंद कर’ म्हटलंच असेल. शिजवलेला कोबी, फ्लॉवर, मुळा आपण खातो तेवढ्याने काही होत नाही. बाजरीची भाकरीही हिवाळ्यात खुशाल खा. बाजरीत ग्रंथीला अडथळा करणारे घटक आहेत, पण ते त्रास देतात ते मुख्यतः जिथे आयोडीन कमी आणि जेवणात फक्त बाजरी असते तिथे. तुमच्या घरी मीठ आयोडीनयुक्त आहे ना, एवढं पाहा. हल्ली सैंधवाचं फार चाललंय. साध्या सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, गलगंड कमी झाल्याचं दाखवून दिलं, आणि त्यातून १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. तुमच्या घरात वयात आलेली मुलगी आहे. उपासाचे दिवस सोडून रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असू द्या. पण थायरॉइडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या समुद्रशेवाळाच्या, जादा आयोडीनच्या गोळ्या घेऊ नका. हशिमोतोमध्ये जास्तीचं आयोडीन उलट त्रास वाढवतं. गहू बंद करण्याचीही सरसकट गरज नाही. सारखे जुलाब, पोट फुगणं असेल, किंवा सगळं नीट घेऊनही टीएसएच उतरत नसेल, तर गव्हाची ॲलर्जी म्हणतात त्या सीलिएक आजाराची तपासणी करायला डॉक्टरांना सांगा. तो असेल तर ही गोळी नीट शोषली जात नाही.

वजनाबद्दल खरं ते सांगते, नाहीतर तुमची निराशा होईल. थायरॉक्सिनच्या कमतरतेने वाढणारं वजन साधारण अडीच ते साडेचार किलो असतं, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ असतं. टीएसएच जागेवर आला की तेवढं कमी होईल. त्याहून जास्त वाढलं असेल तर त्याची कारणं वेगळी आहेत, आणि ती कमी करण्यासाठी गोळी जास्त घेणं धोक्याचं आहे.

समजा, तीन-चार महिन्यांनी टीएसएच दोन-अडीच आला आणि तरीही तुम्ही दुपारी खुर्चीत कोसळत असाल तर? तेव्हा तुम्हाला कोणीतरी म्हणेल, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुमच्या मनाचं आहे.’ ते ऐकून गप्प घरी येऊ नका. थकव्याचा एकमेव मालक थायरॉइड नाही. तुमचं ९.४ हिमोग्लोबिन एकटंच कोणालाही थकवायला पुरेसं आहे. ते वाढलं तरी लोहाचा साठा भरायला पुढे काही महिने लागतात, म्हणून फेरिटिन बघायचं. बी१२ बघायचं, त्यातून शाकाहारी असाल तर नक्कीच, कारण हशिमोतोच्या रुग्णांमध्ये बी१२ न शोषल्या जाण्याचा आजारही तुलनेने जास्त आढळतो. साखर बघायची. घोरता का, रात्री श्वास अडून जाग येते का, हे घरच्यांना विचारायचं. तुम्ही ४३ च्या आहात, पाळीचे बदल या वयात सुरू होतात आणि त्यांचा थकवा, त्यांची अपुरी झोप वेगळी असते. पाळीत एवढं जातंय तर फक्त लोह देऊन थांबू नये, गर्भाशयाची सोनोग्राफीही व्हायला हवी. आणि मन खरोखरच उदास असेल, कशातच लक्ष लागत नसेल, तर त्यावरही चांगले उपचार आहेत. ते घेण्यात कमीपणा नाही.

टी३ च्या गोळीचा विचार आत्ता करू नका. टी३ शरीरात फार थोडा वेळ टिकतं, चढउतार होतात, धडधड होते. टी४ आणि टी३ एकत्र देऊन पाहणाऱ्या चाचण्यांमध्ये बहुतेकांना एकट्या टी४ पेक्षा जास्त फायदा दिसलेला नाही. तरीही टीएसएच बरेच महिने उत्तम असून, बाकी सगळी कारणं तपासूनही ज्यांना बरं वाटत नाही अशा काही रुग्णांना तज्ज्ञ आपल्या देखरेखीखाली ते देऊन बघतात. तुमचं टी४ अजून नीट पोचलेलंच नाही. आधी ते पोचू द्या.

पुण्याला जायचं का? आत्ता नको. साधा कमी थायरॉइड तुमचे गावातले किंवा तालुक्याचे फिजिशियन उत्तम सांभाळू शकतात. वेळा पाळून, मात्रा वाढवूनही टीएसएच उतरला नाही, गळ्यात गाठ लागली, हृदयाचा त्रास असला किंवा गर्भारपण असलं, तर एंडोक्रायनोलॉजिस्टना, म्हणजे ग्रंथींच्या तज्ज्ञांना, जरूर दाखवा. आणि छातीत दुखणं, दम लागणं, ठोके अनियमित वाटणं, किंवा अंग गार पडून गुंगी आणि गोंधळलेपण येणं, यातलं काही झालं तर वाट न बघता रुग्णालयात जा.

मुलीची काळजी तुम्ही करताय, ती रास्त आहे. हा आजार घराण्यात उतरण्याची शक्यता असते, आणि बाईला पुरुषापेक्षा जास्त. पण ‘शक्यता’ म्हणजे ‘नक्की’ नव्हे. गळा सुजल्यासारखा दिसला, पाळी बिघडली, उंची खुंटली, अभ्यासात एकदम मंदपणा आला, थंडी सोसेनाशी झाली तर टीएसएच करून घ्या. एरवी दर महिन्याला तिचं रक्त काढण्याची गरज नाही. पुढे लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा आधी टीएसएच तपासायचा, हे मात्र तिला आत्तापासून माहीत असू द्या. गर्भाच्या मेंदूची वाढ पहिल्या महिन्यांत आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. गोळी चालू असलेल्या बाईला दिवस गेले की मात्रा साधारण २५ ते ३० टक्के वाढवावी लागते, म्हणून पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांकडे जायचं, तिसरा महिना लागायची वाट बघायची नाही. आणि मुलीला हे उद्या झालंच तर ते लपवून तिचं लग्न जमवू नका. लपवलं की पहिलं वर्ष ती सासरी चोरून गोळी घेते, म्हणजे बहुतेक वेळा घेतच नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, ५,३७६ प्रौढांपैकी १०.९५ टक्क्यांना कमी थायरॉइड निघाला. त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना ते आधी ठाऊकही नव्हतं. इतकी घरोघरी असलेली गोष्ट कोणत्या घरापासून लपवायची?

सासूबाईंना तुमची २५ ची बाटली देऊ नका. वयाबरोबर टीएसएच आपोआप थोडा वर सरकतो. ७४ व्या वर्षी ६.४ आणि टी४ नॉर्मल असेल तर बहुतेकदा गोळीच लागत नाही. ६५ वर्षांवरच्या अशाच रुग्णांवरची एक मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात थायरॉक्सिन देऊन ना थकवा कमी झाला, ना दुसरी काही लक्षणं. आणि हृदय नाजूक असेल तर या वयात सहज म्हणून दिलेली गोळी ठोके बिघडवू शकते. शिबिरातला एकच आकडा पुरेसाही नाही, नुकताच ताप किंवा आजारपण येऊन गेलं असेल तरी तो तात्पुरता वाढतो. दोनेक महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा करायचा. तुमचे आठ आठवडेही तेव्हाच भरतील, तर त्याच सकाळी दोघींचं रक्त द्या आणि रिपोर्ट घेऊन दोघीही डॉक्टरांकडे जा. सासूबाईंच्या हृदयाची आणि रक्तदाबाची जुनी कागदपत्रं सोबत असू द्या.